'द फिफ्थ एलिमेंट': एकाच घरात दोन तट का पडतात?

दिवेलागण

या सिनेमावरून आमच्या घरात दोन तट आहेत आणि ते केबलच्या दिवसांपासून आहेत. मी आणि आई एकीकडे, बाबा आणि दादा दुसरीकडे. सिनेमा टीव्हीवर लागला की बाबा पहिला तासभर ठाण मांडून बसायचे. इजिप्तमधलं १९१४ सालचं देऊळ, तेविसाव्या शतकातलं न्यूयॉर्क, इमारतींच्या फटींतून एकावर एक थरांनी धावणाऱ्या गाड्या, नारिंगी केसांची लीलू (मिला योवोविच) कठड्यावरून झेप घेते आणि थेट नायक कॉर्बेनच्या (ब्रूस विलिस) टॅक्सीचं छप्पर फोडून आत पडते, हे सगळं ते चवीनं बघायचे. मग रूबी रॉड (क्रिस टकर) हा बडबड्या रेडिओ-निवेदक यायचा. त्याचा तो चिरका आवाज सुरू झाला की बाबा चष्मा काढायचे, टीपॉयवर ठेवायचे आणि गॅलरीत जायचे. दर वेळी, त्याच जागी.

गेल्या आठवड्यात मी तो पुन्हा पाहिला आणि दादाशी फोनवर पुन्हा तेच भांडण झालं. म्हणून हा धागा.

भांडण आमच्या घरापुरतं नाही. मे १९९७ मध्ये फ्रान्समधल्या कान इथल्या पन्नासाव्या चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन याच सिनेमानं झालं. पुढच्या वर्षी फ्रान्सनं ल्युक बेसाँला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा सेझार पुरस्कार दिला, ब्रिटननं दृश्य-करामतींसाठी बाफ्टा दिलं. आणि अमेरिकेत 'गोल्डन रास्पबेरी'साठी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईटांच्या यादीत, मिला योवोविच आणि क्रिस टकर यांची नावं लागली. एकच सिनेमा, एकच वर्ष.

आवडणारी मंडळी बचावाला एक वाक्य हमखास आणतात: डोकं बाजूला ठेवून बघ. मला ते अजिबात पटत नाही. त्यातला झॉर्ग आणि पाद्री कॉर्नेलियस यांचा प्रसंग आठवा. झॉर्ग (गॅरी ओल्डमन) हा शस्त्रांचा बडा उत्पादक. तो टेबलावरचा काचेचा पेला मुद्दाम खाली ढकलतो. पेला फुटतो, भिंतीतून इवलाली यंत्रं धावत येतात, काचा गोळा करतात, फरशी पुसतात. झॉर्ग खुशीत सांगतो की बघा, मी एक वस्तू मोडली आणि किती जणांना काम मिळालं, किती जणांच्या पोराबाळांची पोटं भरली. म्हणजे विनाश हाच जगण्याचा आधार. एवढं बोलून तो दुसऱ्या पेल्यातली चेरी तोंडात टाकतो आणि ती घशात अडकते. चेहरा लालबुंद. तो टेबलावरची बटणं दाबत सुटतो. टेबलातून एकेक उपकरण वर येतं, झाकणं उघडतात, एक पाळीव जनावरसुद्धा बाहेर येतं. श्वास मात्र मोकळा होत नाही. पाद्री शांतपणे विचारतो, पाठीत थाप मारणारं यंत्र कुठे आहे? आणि शेवटी तोच उठून थाप मारतो.

इतकं नेमकं उत्तर त्या पाद्र्याला भाषणातून देता आलं नसतं. इथे विनोद हाच युक्तिवाद आहे. डोकं बाजूला ठेवलं तर हा प्रसंग निम्मा हातून जातो.

मग तट का पडतात? मला वाटतं, विज्ञानपट बघताना आपण विनोदासाठी एक कोपरा ठरवून ठेवलेला असतो. एखादा यंत्रमानव, एखादा बडबड्या मित्र. त्यानं हसवावं आणि बाजूला व्हावं, जग मात्र गंभीर राहावं. बेसाँनं हा कोपराच ठेवलेला नाही. दिवसाला मोजक्याच सिगरेटी देणारं यंत्र, त्या सिगरेटींत तंबाखू चिमूटभर आणि फिल्टरच लांबलचक. खिडकीशी तरंगत येऊन थांबणारं होडीतलं खाणावळीचं दुकान. पृथ्वी बुडायला दोन दिवस उरलेत आणि जगातल्या शेवटच्या आशेला, म्हणजे कॉर्बेनला, आईचे फोन येतायत, पोरा तुला माझी आठवण कशी येत नाही म्हणून.

कॉर्बेनच्या खोलीतला प्रसंग बघा. पृथ्वीचं भवितव्य ठरवायला जनरलसाहेब आलेत, दाराशी कोणीतरी आलं म्हणून त्यांना फ्रीजमध्ये कोंबलं. मग लीलू न्हाणीत, पाद्री गादीत गुंडाळलेला. हा सरळसरळ दारं-पलंग-कपाटाचा फार्स आहे. आपल्या रंगभूमीवर ज्यानं असे दोन-तीन फार्स पाहिलेत त्याला ही गंमत कळायला वेळ लागत नाही. पण तो प्रेक्षक तिकीट काढून फार्सला बसलेला असतो. बाबा मात्र अंतराळाच्या सिनेमाला बसले होते.

तुमचा तट कुठला? आणि तुम्ही नेमके कुठे उठता?


रिकामा तास

मी तुमच्या बाबांच्या तटात. पण मी उठत नाही, रूबी रॉड आला की आवाज बंद करून बघतो. गंमत म्हणजे तो तसा बरा वाटतो.


कणाद

लेख आवडला, मत पटलं नाही.

माझी तक्रार विनोदाबद्दल नाही. सिनेमा सुरुवातीला एक शब्द देतो आणि तो पाळत नाही, ही आहे. पहिल्या तासातल्या गोष्टी घ्या. एका तुटलेल्या हातातल्या जिवंत पेशींवरून आख्खं शरीर पुन्हा घडवतात. आधी हाडं, मग त्यावर स्नायू, मग त्वचा, एकेक थर. भिंतीवर पिवळी वर्तुळं काढलेली असतात आणि पोलीस आले की रहिवाशानं त्यांत हात ठेवून उभं राहायचं. टॅक्सीच्या परवान्यावरचे गुण यंत्रच कापून घेतं. या प्रत्येक तपशिलामागे कोणीतरी विचार केलाय. हे जग कसं चालतं, इथे सत्ता कशी चालते, माणूस किती आक्रसलाय, हे न सांगता कळतं. मला असं वाटायला लागतं की आता हे धागे पुढे जातील.

पुढे काय होतं? पर्यटकांच्या उडत्या जहाजावर गोळीबार. आणि खलनायक म्हणजे काय, तर अंतराळातून येणारा एक काळा गोळा. तो दुष्ट का, तर दुष्ट आहे म्हणून. त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडली की तो वाढतो. याला मी विज्ञानकथा म्हणत नाही, परीकथा म्हणतो. परीकथेशी माझं वैर नाही, पण मग पहिल्या तासात मला तो चष्मा का दिला?

आणि पाचवं तत्त्व, म्हणजे चार तत्त्वांच्या चार दगडांसोबत पृथ्वी वाचवणारी लीलू. नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाला पंचमहाभूतं आठवणारच. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि पाचवं आकाश. ग्रीकांकडेही चारांच्या वर ईथर होतंच. दोन्हीकडे शेकडो वर्षं यावर विचार झालाय. सिनेमा त्या जागी प्रेम बसवून मोकळा होतो. माझ्या मते ही पळवाट आहे.


दिवेलागण

@कणाद, काळ्या गोळ्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मलाही त्याची कधी भीती वाटली नाही.

पण धागे पुढे जात नाहीत हे सर्वस्वी खरं नाही. शेवटी देवळात चार दगड कसे उघडतात ते आठवा. कोणाला मंत्र येत नाही. चिमूटभर मातीनं एक, घामाच्या थेंबानं एक, कोणाच्या तरी हताश सुस्काऱ्यानं एक. राहतो अग्नी. कॉर्बेनच्या काडेपेटीत एकच काडी उरलेली असते आणि सगळे श्वास रोखून त्या काडीकडे बघत राहतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सिगरेट सोडू पाहणाऱ्या माणसाची जी गंमत चालली होती ती इथे येऊन उभी राहते. मला तर ही बांधणी फार घट्ट वाटते.


चित्रचौकट

उशिरा येतोय, पण या सिनेमाचं मूळ कुठे आहे ते सांगितल्याशिवाय हा वाद अर्धवट राहील.

हा सिनेमा इंग्रजीत आहे, नट अमेरिकन-ब्रिटिश आहेत, चित्रीकरण लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झालं, पण त्याचं रक्त फ्रेंच चित्रकथांचं आहे. तिकडे चित्रकथा हा पोरांचा टाइमपास मानत नाहीत. 'पिलोत' नावाच्या साप्ताहिकात १९६७ पासून 'व्हालेरियन' ही अंतराळातली मालिका येत होती, चित्रं झाँ-क्लोद मेझिएर यांची. बेसाँ ती वाचत मोठा झाला आणि या सिनेमाची गोष्ट त्यानं सोळाव्या वर्षी रचायला घेतली. सिनेमा पडद्यावर आला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. तुम्ही त्यात सोळा वर्षांच्या मुलाचा उतावळेपणा बघता की बावीस वर्षांची चिकाटी, यावर बरंच अवलंबून आहे!

तयारीसाठी त्यानं थेट मेझिएर यांना बोलावलं आणि सोबत चित्रकथाकार मोबियस यांना (खरं नाव झाँ जिरो). सुरुवातीला नायक एका कारखान्यात कामाला होता. मेझिएर त्याच सुमारास आपल्या मालिकेच्या एका भागावर काम करत होते, १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात उडती टॅक्सी होती. ती चित्रं पाहून बेसाँनं नायकालाच टॅक्सीवाला केलं. म्हणजे आज सिनेमाची ओळख असलेली गोष्ट आधी कागदावर चौकटीत होती.

आता चौकटीचा मुद्दा. चित्रकथेत एका पानावर भय, विनोद, शृंगार, हाणामारी सगळं शेजारीशेजारी असतं. डोळा एका चौकटीवरून दुसरीवर उडी मारतो, मधली पांढरी फट आपण मनानं भरतो. बेसाँनं संकलनात तीच उडी आणलीय. झॉर्ग पेटी उघडतो, आत दगड नाहीत. तो म्हणतो, पेटी रिकामी आहे. पुढच्या क्षणी दुसऱ्या ठिकाणी पाद्री विचारतो, रिकामी म्हणजे काय? तिकडे लीलू पोट धरून हसतेय. एका दृश्यातल्या वाक्याला दुसऱ्या दृश्यातला माणूस उत्तर देतो, आणि ही दोन माणसं एकमेकांपासून कोसभर लांब आहेत. असं पुन्हापुन्हा होतं. ज्याचा डोळा या उडीला सरावलाय त्याला यात लय सापडते. नसेल तर नुसता गोंगाट वाटतो.

आणि एक. नायक आणि खलनायक या सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत. कॉर्बेनला झॉर्ग माहीत नाही, झॉर्गला कॉर्बेन माहीत नाही. दोनअडीच तासांच्या मारधाडपटात शेवटची झुंजच नाही! कणाद म्हणतात तो शब्द मोडल्याचा राग काहींना इथूनही येत असावा, नेमकं बोट ठेवता येत नसलं तरी.


परतीचा पाऊस

आकडे बोलके आहेत. खर्च सुमारे ९ कोटी डॉलर, त्या वेळी युरोपातल्या निर्मितीसाठी न भूतो असा. जगभरातली कमाई सुमारे २६ कोटी, आणि त्यात अमेरिकेचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश. चित्रचौकट म्हणतात त्याला पुष्टीच मिळते.


टाचणी

मी नाटकांचे कपडे शिवते, म्हणून हा सिनेमा मी कितीदा पाहिलाय त्याची मोजदाद नाही. पण माझं मन त्यावर सरळ नाही, ते सांगते.

कपडे फ्रेंच फॅशनकार झाँ-पॉल गोतिए यांचे. नऊशेच्या वर पोशाख. आकडा सोडा, गर्दीकडे बघा. विमानतळावरच्या रांगेत, जहाजाच्या दालनात, मागे उभा असलेला एकही माणूस 'कोणताही' कपडा घालून उभा नाही. आमच्या धंद्यात मागच्या रांगेसाठी जे उरलंसुरलं असेल ते देतात, कारण पैसा पुढे लागतो. इथे मागच्या रांगेतल्या बाईच्या टोपीचाही विचार झालाय. कॉर्बेनच्या त्या नारिंगी बंडीची पाठ उघडी आहे. ब्रूस विलिससारख्या दणकट नटाला पाठ उघडी टाकून दोन तास पळवायचं, आणि तो त्यात जराही अवघडलेला दिसू द्यायचा नाही, हे धाडसाचं काम आहे. तो कपडा विनोदी आहे, पण कोणी त्याला हसत नाही. त्या जगात तो साधा कपडा आहे. दिवेलागण म्हणतात तो 'कोपरा नसलेला' विनोद मला शिवणीत दिसतो.

आता दुसरी बाजू. लीलूच्या अंगावर त्या पांढऱ्या पट्ट्या येतात तो प्रसंग. ती काही मिनिटांपूर्वी जन्माला आलीय. आणि काचेबाहेर उभे असलेले पुरुष तिच्याकडे ज्या नजरेनं बघतात, कॅमेराही त्याच नजरेनं बघतो. पुढे ती बेशुद्ध असताना कॉर्बेन तिचं चुंबन घेतो. ती जागी होऊन त्याच्यावर पिस्तूल रोखते आणि तिच्या भाषेत काही बोलते. नंतर पाद्री अर्थ सांगतो: माझ्या परवानगीवाचून कधीही नाही. तिचं हे वाक्य सिनेमानं ऐकवलं याचं मला बरं वाटतं. पण प्रेक्षागृहात तिथे हशा पिकतो, आणि मला हसू येत नाही.

त्याहून खुपतं ते पुढे. ती संगणकावर अक्षरांच्या क्रमानं जगाचा इतिहास शिकत जाते आणि युद्ध या शब्दापाशी येते. एकामागून एक चित्रं. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, आवाज नाही. मग देवळात ती कॉर्बेनला विचारते की तुम्ही आयुष्याचं हे असं करणार असाल तर ते वाचवायचं कशाला? आख्ख्या सिनेमातला सर्वांत खरा प्रश्न. आणि त्याला उत्तर काय, तर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. कणाद पळवाट म्हणाले, मी तिथे त्यांच्या बाजूनं. जिला पूर्णत्वाची मूर्ती म्हणून दाखवलं तिला शेवटी एका पुरुषानं शब्द दिल्याशिवाय उठता येत नाही.

तरी पुन्हा लागला तर पुन्हा बघेन. ते कपडे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?


दिवेलागण

@टाचणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पट्ट्यांचा प्रसंग मी इतकी वर्षं 'छान दिसतंय' म्हणून बघत आले. आता तो तसा बघता येणार नाही. आईला मात्र लीलू आवडायची ती तिच्या बोलीमुळे. ती भाषा बेसाँनं रचली, शब्द चारशेच्या आसपास, आणि चित्रीकरणाच्या वेळी तो आणि मिला योवोविच तीत आपसात बोलायचे म्हणे. आई म्हणायची, पोरीला काय हवंय ते एक शब्द न कळता कळतं.


ढोलकीपलीकडे

रूबी रॉडवर सगळे तुटून पडलेत म्हणून दोन शब्द.

माझं बालपण जत्रेतल्या फडांच्या तंबूबाहेर गेलं. गण झाला की गौळण. गवळणींबरोबर मावशी असते, लुगडं नेसलेला पुरुष. आवाज काढायचा, ठसक्यात चालायचं, कृष्णाला अडवायचं. मग बतावणी, मग वग. वगात राजा गंभीर, प्रधान गंभीर, आणि सोंगाड्या भर दरबारात राजाच्या बोलण्याला फाटे फोडतोय. प्रेक्षकाला हे विसंगत वाटत नाही. राजाचं दुःख बघताना डोळे पुसणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला हसतो आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा गप्प होतो. रस एका वेळी एकच असावा, हा नियम त्या तंबूत कोणी लावला नव्हता.

रूबी रॉड मला मावशी आणि सोंगाड्या दोन्ही वाटतो. ना धड बाई ना धड बुवा असा नखरा, बिबट्याच्या ठिपक्यांचा झगा, कपाळावर वळवलेले केस. ही भूमिका आधी प्रिन्स या गायकाला द्यायचं चाललं होतं. तो असता तर नखरा मिळाला असता, पण भीती मिळाली नसती. क्रिस टकर घाबरतो ते बघा. जहाजावर गोळ्या सुटतात तेव्हा कॉर्बेन थंड आहे, लीलू थंड आहे, हल्ला करणारे राक्षस तर राक्षसच. एकटा रूबी तुमच्याआमच्यासारखा किंचाळतो. हातात ध्वनिक्षेपक, कार्यक्रम थेट चालू, आणि तो टेबलाखालून रडत-ओरडत जगाला सांगतोय की काय चाललंय. तो पहिल्या प्रवेशात कसा आला होता? जगाचा राजा असल्यासारखा, शब्दावर शब्द फेकत. त्याचा तोरा उतरलेला बघायचा असेल तर आधी तो तोरा सोसावा लागतो. दिवेलागण, तुमचे बाबा तोरा बघून उठले. उतरलेला त्यांनी बघितलाच नाही.

एक मान्य करतो. सोंगाड्या जे बोलतो त्यात गावातल्या सावकारापासून पाटलापर्यंत सगळ्यांना चिमटे असतात. रूबीच्या बडबडीत असा चिमटा शोधून सापडत नाही. तिथे तो उणा पडतो.


सप्तक

ढोलकीपलीकडे म्हणाले तेच मला सांगायचं होतं, पण दुसऱ्या कारणानं. रूबी आल्यावर उठणारा माणूस गाण्यापर्यंत पोचत नाही!

निळ्या 'दिवा'चं, म्हणजे त्या जहाजावर जलसा करणाऱ्या परग्रहवासी गायिकेचं, गाणं. पडद्यावर माइवेन, आवाज अल्बेनियाची गायिका इन्वा मुला हिचा. पूर्वार्ध इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या 'लुचिया दी लामेरमूर' या ऑपेरामधला, १८३५ सालचा. लुचियाचं प्रेम एकावर, लग्न लावलं दुसऱ्याशी. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला ठार करते आणि भ्रमिष्ट होऊन पाहुण्यांमध्ये येते. तिला वाटतं प्रियकराचा आवाज येतोय. 'इल दोल्चे सुओनो', म्हणजे तो गोड सूर. ही वेडाची जागा आहे, पण गाताना वेड दाखवायचं नसतं, कारण तिच्या लेखी ती सुखात आहे. सूर संथ, लांब, एकेका स्वरावर टेकत जाणारा. त्या तरंगत्या रंगमंचामागे निळा ग्रह दिसतोय आणि लढून लढून दगड झालेला कॉर्बेन तोंड उघडं टाकून ऐकतोय.

आणि मग एकदम ठेका. हा भाग सिनेमाचा संगीतकार एरिक सेराचा. विलंबितातून मध्यलय न करता थेट अतिद्रुत. स्वर इतक्या लांब उड्यांचे आणि इतके भराभर की गळ्यानं ते जसेच्या तसे होऊ नयेत अशा बेतानंच लिहिलेले. गायिकेकडून शक्य तेवढं गाऊन घेतलं, न होणाऱ्या जागांचे सुटे स्वर घेतले आणि संगणकावर जोडले. पुढे काही गायिकांनी ते रंगमंचावर गाऊन दाखवलंय. त्याच वेळी वरच्या खोलीत लीलू एकेका राक्षसाला लोळवतेय, आणि तिचे फटके स्वरांवर पडतायत.

माझ्या गाण्याच्या वर्गात मी हे ऐकवते. दर वेळी वर्ग दुभंगतो. निम्म्यांना उत्तरार्ध लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. निम्मे म्हणतात, चांगल्या गाण्याची वाट लावली. तुम्ही सगळे जे भांडताय ते मला या पाच मिनिटांत आख्खं ऐकू येतं. मी स्वतः काटा येणाऱ्यांतली. माणसाच्या गळ्याची हद्द जिथे संपते तिथून पुढे तो स्वर जातो, आणि गाणारी माणूस नाहीच. विज्ञानकथेनं गाणं लिहायचं तर असंच लिहावं. कणाद, तुम्हाला हवा असलेला विचार इथे आहे, स्वरांत आहे.


कणाद

@सप्तक, हे माहीत नव्हतं. ऐकतो पुन्हा. गोळ्याबद्दलचं मत कायम.


रिकामा तास

म्हणजे इतकी वर्षं मी गाणंही आवाज बंद करून बघत होतो. रूबी आल्यावर बंद केलेला आवाज पुन्हा लावायचं लक्षातच राहायचं नाही. आज रात्री लावतो.


दिवेलागण

काल बाबांकडे गेले होते. आई गेल्यापासून टीव्ही फारसा लागत नाही. हा धागा मी त्यांना वाचून दाखवला. ढोलकीपलीकडेंचा मावशीचा मुद्दा ऐकून म्हणाले, मावशी गाणं येतं म्हणून सहन करतात. मग सप्तकचा प्रतिसाद वाचला. त्यावर काहीच बोलले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, लाव.

मी मधलं सगळं पुढे सरकवून थेट दिवापाशी आणलं. ते रोज संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकणारे, पाश्चात्त्य गाणं कधी ऐकलेलं नाही. खुर्चीच्या हातावर बोट ठेवून बसले होते. ठेका सुरू झाला तसं म्हणाले, थांबव, पहिल्यापासून. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदाही ठेका त्यांनी पुढे जाऊ दिला नाही. मग विचारलं, ही हत्या करून आलीय ना? मी म्हटलं, लुचिया, हो. ही निळी नाही. म्हणाले, तिचंच विचारतोय.

सिनेमा त्यांना अजूनही आवडलेला नाही. पण पूर्ण लुचिया ऐकायचं म्हणतायत. सप्तक, कुठलं ध्वनिमुद्रण शोधू?


सप्तक

जोन सदरलंड. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये १९५९ साली तिनं लुचिया गायली आणि एका रात्रीत जगाला माहीत झाली. बाबांना हेही सांगा: सिनेमातला दिवाचा जलसा त्याच ऑपेरा हाउसमध्ये चित्रित झालाय. तोच रंगमंच आहे.